अंगठ्याखालची धार

आमच्या दुकानात शिरलेल्या माणसाला "या, बसा" असं कुणी म्हणत नसे. माझे सासरे हातातलं काम न थांबवता, वर न बघता म्हणायचे, "डोळे मिटा." नवखं गिऱ्हाईक बिचकायचं आणि माझ्याकडे बघायचं. मी खूण करायचे की मिटा बाबा, इथे दुसरा इलाज नाही.

भिंतीवर खिळ्यांना गिटारच्या माना टांगलेल्या होत्या. धड नाही, तारा नाहीत, नुसत्या माना. डाव्या हातात जो दांडा धरतात तीच ही मान. पुढच्या बाजूला फ्रेटबोर्डची पट्टी, तिच्यावर फ्रेट म्हणजे धातूच्या बारीक आडव्या कड्या, मागे लाकडाची पाठ, आणि त्या पाठीवर वाजवणाऱ्याचा अंगठा. दिसायला सगळ्या सारख्या, हातात घेतल्या की प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. एकीची पाठ सरळ गोलसर. दुसरीचे खांदे भरलेले, मूठभर लाकूड. तिसरीचे खांदे उतरवलेले आणि मधून कणा वर आलेला, होडीच्या तळासारखा. पुस्तकांत त्यांना सी, डी, व्ही अशी अक्षरं आहेत. सासऱ्यांना अक्षरांचा राग. त्यांची नावं साधी, खादाड आणि होडी.

खालच्या रांगेत फ्रेटबोर्डच्या नुसत्या पट्ट्या होत्या. एक पाटासारखी सपाट, एक किंचित गोल, एक चांगलीच गोल. तार ओढून सूर वाकवणाऱ्याला सपाट बरी, कारण गोलाईवर ओढलेली तार मध्येच फ्रेटला घासून मुकी होते. अख्खं बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबणाऱ्याला गोल बरी, बोट आपसूक बसतं.

गिऱ्हाईक म्हणायचं, मला पातळ मान हवी. सासरे म्हणायचे, "हे तुमचं डोकं म्हणतंय. हाताला विचारू." डोळे मिटलेल्या त्या माणसाच्या हातात ते एकेक मान द्यायचे, काढून घ्यायचे, आणि मध्येच आधीचीच मान पुन्हा द्यायचे. "ही कशी वाटते?" गिऱ्हाईक म्हणालं, "ही जरा बरी आहे," की संपलं. "तीच आहे. घरी जा, नीट झोपा, उद्या या." याला ते चकवा म्हणत. चकव्यात सापडलेल्या माणसाचं काम त्या दिवशी हातात घेत नसत, मग तो कितीही मोठा वाजवणारा असो. मोठे वाजवणारेच जास्त सापडायचे.

लोक त्यांना मास्तर म्हणत आणि ते गिटार शिकवतात असं समजत. त्यांना गिटार येत नव्हती. तरुणपणी ते खुर्च्यांच्या कारखान्यात पाय घासायला होते. पाय सारखे झालेत की नाही हे डाव्या अंगठ्याने बघायचे. कुणीतरी मोडकी गिटार घेऊन आला, यांनी खुर्चीचा पाय समजून तिची मान जोडून दिली, आणि ती मूळच्यापेक्षा चांगली लागते असं त्या माणसाचं म्हणणं पडलं. पहिली नवीन मान घडवून घरी नेली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "एवढं लांब लाटणं कशाला आणलंत?" हे ते स्वतःच सांगायचे, सासूबाई गेल्यानंतरही, आणि दर वेळी हसायचे.

येत होता तो एकच कॉर्ड, तीन बोटांचा. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गिटारवर ते खुर्चीत बसून तो एकदा वाजवायचे, मान हलवायचे आणि मग गिटार गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. तो वाजला नाही तोवर गिटार उंबऱ्याबाहेर जात नसे.

मी या घरात आले ती हिशोबाच्या नोकरीतून. घरी बसून जीव रमेना, म्हणून दुकानात पॉलिश करायला लागले, मग फ्रेट बसवायला शिकले. शिकवलं त्यांनीच, पण कौतुकाचा शब्द म्हणाल तर नावाला नाही. फ्रेटबोर्डला गोलाई देताना मी आतून खोलगट कोरलेला ठोकळा वापरते, म्हणजे गोलाई सगळीकडे सारखी येते. ते म्हणायचे, "ठोकळ्याला काय कळतं?" मी म्हणायचे, "ठोकळा निदान चिडत तरी नाही." आमचं असं बरं चाललं होतं.

मग एका सकाळी मी फ्रेटची तार कापत बसले होते. समोर ते पोलादी पत्र्याने एक मान खरवडत होते. उजव्या हातात पत्रा, मागोमाग डावा अंगठा लाकडावरून फिरतोय, नेहमीसारखं. पांढऱ्या लाकडावर तांबडी रेघ उमटली. अंगठा पुन्हा फिरला आणि रेघ रुंद झाली.

"बाबा, रक्त!"

"कुणाचं?" ते म्हणाले.

मला आधी हसू आलं. मग त्यांनी अंगठा डोळ्यांसमोर धरला, आणि चेहरा असा झाला की माझं हसू जिथल्या तिथे राहिलं. पत्र्याच्या कडेने चांगला खोल चिरला होता. त्यांनी चिंधी गुंडाळली, "लाकूड खराब झालं" एवढंच म्हणाले आणि दुसरं लाकूड घेतलं.

त्यानंतर काही दिवसांनी एक पोस्टमन आमच्याकडून घेतलेली त्याची नवी गिटार परत घेऊन आला. "मास्तर, काहीतरी टोचतंय." त्याची जी हजेरी घेतली गेली ती मी इथे लिहीत नाही. तो बिचारा गिटार ठेवून गेला. सासरे जेवायला गेल्यावर मी तिच्या पाठीवरून अंगठा फिरवला. पाचव्या फ्रेटच्या मागे, कण्याच्या जाड तारांकडच्या बाजूला, एक बारीक धार होती. दिसत नव्हती, पण अंगठ्याला पक्की लागत होती. त्यांनी त्या मोसमात घडवलेल्या बाकीच्या दोन माना मी घेतल्या. दोन्हींना तीच धार, त्याच जागी.

होत काय होतं, ते मला तेव्हा कळलं. लाकूड घासताना धार तयार होतेच, प्रत्येकाच्या हातून होते. अंगठ्याला ती लागली की आपण ती मोडतो. यांच्या अंगठ्याला ती लागतच नव्हती. उलट तिथे अजून भर आहे, लाकूड जास्त आहे, असं वाटून ते खांदे आणखी उतरवत होते, आणि धार आणखी वर येत होती.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दहा मजल्यांच्या पोकळीत दोरावर लोंबकळताना त्याला काही वाटत नाही, पण वडिलांचं नाव काढलं की त्याची पाचावर धारण बसते. "तूच बोल," तो म्हणाला, "तुझं ऐकतात."

"माझं? माझा ठोकळासुद्धा त्यांना बघवत नाही."

"निदान तुझ्याशी भांडतात तरी. माझ्याशी नुसते गप्प बसतात."

मी बोलले. "बाबा, अंगठा एकदा डॉक्टरला दाखवून येऊ." त्यांनी पत्रा खाली ठेवला, डावा अंगठा माझ्यासमोर उभा धरून हलवला आणि म्हणाले, "हा घे, दाखवला. सांग तुझ्या डॉक्टरला." मी तोंडात मिठाची गुळणी धरली, पोस्टमनच्या गिटारची धार गुपचूप मोडून दिली, आणि आता कुणी अवघड काम घेऊन येऊ नये एवढीच इच्छा करत राहिले.

आणि बाई आल्या.

बाई म्हणजे गिटार शिकवणाऱ्या बाई. संगीतशाळेत मुलांना शिकवतात आणि स्वतः फार सुरेख वाजवतात. त्यांची गिटार आमच्याच दुकानातली, सासऱ्यांनी हात ऐन भरात असताना केलेली. तसं लाकूड आता मिळत नाही आणि तसा आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही. बाईंच्या डाव्या अंगठ्याचं बूड सुजलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताण कमी करा, नाहीतर वाजवणं सोडा.

"मास्तर, मान पातळ करून द्या," बाई म्हणाल्या. "नवीन गिटार नको. मला हीच वाजवायची आहे."

"डोळे मिटा."

बाई हसल्या आणि मिटले. पातळ मान हातात दिली तेव्हा त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं. ती धरायला मूठ जास्त आवळावी लागत होती आणि दुखरा सांधा तिथेच कळवळत होता. खादाड बरी वाटली, पण बोटं तारांपर्यंत पोचेनात. होडी हातात आली आणि बाईंचा खांदा खाली उतरला. "ही," त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी चकवा दिला, होडीच पुन्हा दिली. "हीच की," बाई म्हणाल्या. पट्ट्यांमध्ये त्यांनी चांगली गोल असलेली निवडली. तरुणपणी तारा ओढायच्या म्हणून सपाट मागून घेतली होती, आता सपाट पट्टीवर सगळ्या तारा दाबायच्या तर मागून अंगठ्याने रेटा द्यावा लागत होता.

म्हणजे काम ठरलं. मी जुने फ्रेट काढायचे, पट्टी गोल करायची, नवे फ्रेट बसवायचे. सासऱ्यांनी मानेचे खांदे उतरवून तिची होडी करायची. माझ्या कामात चूक झाली तर पट्टी बदलता येते. त्यांच्या कामात तशी सोय नाही. मानेच्या पोटात खोबण असते आणि तिच्यात लोखंडी सळई. खांदे जास्त उतरले तर मान तारांच्या ओढीने वाकते, आणखी उतरले तर खोबणच उघडी पडते. लाकूड परत चिकटवता येत नाही. बाईंची गिटार गेली असती, आणि ती आपल्या हातून गेली हे समजल्यावर माझे सासरे उठून उभे राहिले असते असं मला वाटत नाही.

माझं काम मी करून टाकलं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगते. रोज ते काहीतरी खडूस बोलायचे आणि मला कारण मिळायचं.

त्यांची एक रीत होती, ती मात्र त्यांनी सोडली नाही. गिऱ्हाइकाच्या गिटारला हात लावण्याआधी साध्या लाकडात तश्शी मान घडवायची, गिऱ्हाइकाला धरायला लावायची, त्याने हो म्हटलं तरच खऱ्या गिटारला पत्रा लावायचा. बाई ही नमुन्याची मान बघायला आल्या ती दुपार. गिटार टेबलावर शिकंज्यात आवळून ठेवली होती, तारा काढलेल्या, पाठ वर. पत्रा शेजारी परजून ठेवलेला.

बाईंनी नमुना हातात घेतला. अंगठा वर नेला, खाली आणला, आणि थांबल्या.

"मास्तर, इथे काहीतरी टोचतंय हो."

"टोचणार नाही."

"इथे, मधे."

"बाई, तुमचा सांधा सुजलाय. तुम्हाला कापूससुद्धा टोचेल. भिंतीवरची होडी आणि ही, दोन्ही जुळ्या आहेत."

बाई तशा मऊ स्वभावाच्या, पण दुखऱ्या अंगठ्याचा उद्धार केलेला त्यांना झोंबला. "मग तुम्हीच मिटा ना डोळे," त्या म्हणाल्या. "ओळखून दाखवा, कुठली कुठली ते."

दुकानात असं त्यांना कधीच कुणी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आता आवाज चढणार. त्यांनी हात झटकले, खुर्चीत बसले, डावा हात पुढे केला आणि डोळे मिटले. "दे गं," मला म्हणाले. "एकेक दे."

देणाऱ्यालाच ठाऊक असतं हातात काय दिलंय. मी बाईंच्या हातातून नमुना घेतला आणि भिंतीपाशी गेले. होडी तिथे खिळ्यावर होती. तिला हात लावला, खिळा किंचित वाजला. काढली नाही. का ते मला नीट सांगता येणार नाही. रोजच्या खडूसपणाचा राग होता, आणि एकदाच काय ते कळू दे असंही होतं. परत येऊन मी नमुनाच त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी अंगठा फिरवला. जिथे बाई थांबल्या होत्या तिथून तो सरळ पुढे निघून गेला. "हं. दुसरी."

मी तो काढून घेतला, क्षणभर थांबले आणि तोच पुन्हा दिला.

याही वेळी अंगठा सावकाश वरपासून खालपर्यंत गेला. बाई माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होत्या. त्यांना दिसत होतं, होडी भिंतीवरच आहे.

"पहिली भिंतीवरची," सासरे म्हणाले. डोळे मिटलेलेच, ओठांवर हसू. "ही माझी नवी. नवी जरा जास्तच सुबक झालीय म्हणा."

एवढ्यात बाई घाईघाईने म्हणाल्या, "बरोबर! बरोबर मास्तर. माझाच अंगठा दुखतोय, दुसरं काही नाही."

त्यांना दया आली होती. दया करताना आपलीच गिटार शिकंज्यात आहे हे त्या विसरल्या.

सासऱ्यांनी डोळे उघडले. नमुना माझ्याकडे दिला, बघितलंसुद्धा नाही. जिंकलेल्या माणसासारखे उठले, टेबलाशी गेले, पत्रा उचलला. बाईंच्या गिटारच्या पाठीवर डावा अंगठा टेकवला, जागा धरायला. पत्र्याची कड लाकडावर टेकली. बाईंनी पर्स छातीशी घट्ट धरली होती, त्या हसायचा प्रयत्न करत होत्या, आणि मला त्यांचा इतका राग आला की मला बोलता आलं.

"बाबा, भिंतीवरची खाली काढलीच नव्हती."

पत्रा थांबला.

"काय?"

"चकवा दिला मी. दोन्ही वेळा तुमच्या हातात हीच होती. होडी खिळ्यावर आहे, बघा."

त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या नमुन्याकडे. मग बाईंकडे. बाईंनी नजर खाली घातली, आणि मला वाटतं, माझ्या शब्दांपेक्षा सासऱ्यांना तेच जास्त लागलं. पत्रा त्यांनी टेबलावर ठेवला, अगदी हळू, आवाज न करता. मागच्या दाराशी नळ होता तिथे गेले आणि हात धुवायला लागले. कितीतरी वेळ नुसतं पाणी वाहत होतं.

"अगं, कशाला बोललीस?" बाई कुजबुजल्या. "वय झालंय त्यांचं. मन मोडलंस."

"आणि तुमची गिटार मोडली असती तर? मन परत जोडता तरी येतं. गिटार नसती जोडली गेली." मला रडू येत होतं आणि बाईंच्या समोर रडायचं नव्हतं, म्हणून मी टेबलावरचा भुसा झाडायला लागले.

ते परत आले ते हात न पुसता. "बाई, गिटार घेऊन जा," म्हणाले. "ही तारा लावून देईल. काम दुसरीकडे करून घ्या."

"दुसरीकडे कुठे, मास्तर?"

"कुठेही. ज्याला हाताला लागतं त्याच्याकडे."

तोंडावर पाणी मारलेलं होतं, त्यामुळे डोळ्यांतलं कुठलं आणि नळाचं कुठलं ते कळत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. आपणच आणलेला दिवस, आणि आता पळायला जागा नाही, असं झालं होतं.

बाई उठल्या. मला वाटलं, चालल्या. त्या भिंतीपाशी गेल्या, होडी खिळ्यावरून काढली, माझ्या हातातला नमुना ओढून घेतला, आणि मला म्हणाल्या, "डोळे मीट."

"मी? बाई, मी फ्रेट बसवते, माना मी कधी..."

"मीट म्हटलं ना!" वर्गात मुलांना म्हणतात तसं म्हणाल्या.

मी मिटले. अंधारात लाकूड हातात आलं. नळ अजून ठिबकत होता. अंगठा वर नेला, खाली आणला. गुळगुळीत, काही नाही. "ही होडी."

काढून घेतली. दुसरी आली. अंगठा पाचव्या फ्रेटच्या मागे आला आणि धारेला अडला. "ही नवी. इथे धार आहे. जाड तारांच्या बाजूला. करंगळीच्या नखाएवढी लांब."

तिसऱ्यांदा आली. मी थांबले. मला वाटलं चकवा असणार. पण हाताला धार लागत नव्हती. "होडी."

"कुठे म्हणालीस धार?" हा आवाज बाईंचा नव्हता.

मी डोळे उघडले. सासरे अगदी जवळ उभे होते, कानावरची पेन्सिल हातात घेऊन. मी नमुन्यावर जागा दाखवली. त्यांनी तिथे खूण केली. मग स्वतःचा अंगठा तिथे ठेवला, दाबला, हलवला, आणि मान नाही अशी हलवली.

"किती आहे?"

"बारीक आहे. केसाएवढी."

"कुणाच्या केसाएवढी? माझ्या की तुझ्या?" ते खेकसले. त्या खेकसण्याने माझ्या जिवात जीव आला.

त्यांनी नमुना शिकंज्यात लावला, पत्रा घेतला आणि एकच फटका मारला. उजव्या हाताला काही झालं नव्हतं. लाकडाचा इतका पातळ काप निघाला की उजेड आरपार दिसत होता. "बघ." मी अंगठा फिरवला. आहे अजून. पुन्हा एक फटका. बघ. गेली. त्यांनी विश्वास न बसल्यासारखं बाईंना विचारलं, "गेली?" बाईंनी या वेळी हो म्हणायची घाई केली नाही. नमुना सोडवून मागितला, डोळे मिटले, दोनदा अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "गेली."

मग गिटार.

नमुन्यावर चुकायला जागा होती, इथे नव्हती. ते खरवडायचे, थांबायचे, मी अंगठा फिरवायचे आणि सांगायचे: इथे भर आहे, इथे पुरे, इथे हात लावू नका. त्यांना उत्तर तोंडी हवं असायचं. मी नुसती मान हलवली की म्हणायचे, "मी तुझ्या मानेकडे बघत नाहीये, बोल." एकदा मी "पुरे" म्हटलं आणि त्यांचा पत्रा तसाच खाली यायला लागला. त्यांच्या डोळ्यांना भर दिसत होता. मी त्यांचं मनगट धरलं. सासऱ्यांचं मनगट मी त्याआधी कधी धरलं नव्हतं. आतली शीर उडत होती.

"पुरे म्हटलं ना बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. दुसरं कुणी असतं तर पत्रा डोक्यात घातला असता. मग मनगट सैल पडलं. ते वाकले, तिथे बोटाच्या पेराने टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली. लाकडाचा आवाज त्यांना अजून कळत होता. त्यांनी पत्रा बाजूला ठेवला.

"खाली फारसं नव्हतंच," म्हणाले. "खोबण जवळ आलीय."

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पाणी मागितलं.

घासून, तेल देऊन, तारा चढवून होईपर्यंत बाहेरच्या रस्त्यावर दिवे लागायला आले होते. बाई घरी गेल्या नव्हत्या. गिटार सुरात लावली ती मीच. मग मी ती बाईंच्या हातात देणार, तर सासरे खुर्चीत बसून दोन्ही हात पुढे करून वाट बघत होते. माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. त्यांचा कॉर्ड वाजला नव्हता.

त्यांनी गिटार मांडीवर घेतली. डाव्या हाताची तीन बोटं तारांवर ठेवली, नजरेने मोजून मोजून, आणि उजव्या अंगठ्याने सगळ्या तारांवरून हात फिरवला. पाच तारा वाजल्या. मधली एक तार मुकी राहिली, नुसती ठक् अशी. त्यांचं बोट तिच्यावर नीट बसलंच नव्हतं. इतकी वर्षं तोच कॉर्ड, पण बोटाला तार कुठे आहे हे आता कळत नव्हतं.

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

सासरे बाईंकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वाजला?"

"नाही."

त्यांनी बोट सरकवलं आणि पुन्हा हात फिरवला. "आता?"

"नाही, बाबा. मधलं बोट. अजून थोडं खाली."

मी उठून बोट धरून बसवलं असतं. उठले नाही. त्यांनी वाकून तारेकडे पाहिलं, बोट खाली घेतलं, दाबलं. नखाखालचं मांस पांढरं पडेपर्यंत दाबलं.

"आता?"

सहाही तारा वाजल्या होत्या. तरी त्यांनी मान हलवली नाही, गिटार पुढे केली नाही. मी काय म्हणते त्याची वाट बघत तसेच बसून राहिले.

"आता वाजला," मी म्हणाले.

मग त्यांनी गिटार बाईंच्या हातात दिली.